गजभर गोदावरी

गेले तीन आठवडे आमच्या घरी डायनिंग टेबलवर कुणी जेवलेलं नाहीये. टेबलावर दोन नकाशे सेलोटेपने जोडून पसरलेत, दहा लाखाला एक अशा स्केलचे, म्हणजे एक सेंटीमीटरला दहा किलोमीटर, डाव्या टोकाला ओझर, उजव्या टोकाला राजमहेंद्री आणि मधे पेन्सिलची रेघ. पट्टीने मोजली तर नव्वद सेंटीमीटर भरली. आई म्हणाली, "म्हणजे गजभर." तिने वर्षानुवर्षं ब्लाऊज शिवलेत, तिला गज बघताक्षणी कळतो. तर हे गजभर अंतर मला येत्या डिसेंबरात फ्लाइंग क्लबच्या सेसना १७२ या छोट्या विमानातून कापायचंय, मी चालवणार, बाबांना शेजारी बसवून.

हे खूळ डोक्यात कसं शिरलं ते आधी सांगते. बाबा ओझरला एचएएलमधे, लढाऊ विमानांच्या सरकारी कारखान्यात होते, आम्ही टाऊनशिपमधेच वाढलो, तिथे सगळे नुसतं 'मिग' म्हणतात, मिगमधे राहतो, मिगची बस, मिगची शाळा. १९६४ मधे मिग-२१ साठी हा कारखाना उभा राहिला, बाबा लागले तेव्हा मिग-२७ चं काम सुरू व्हायचं होतं आणि रिटायर झाले तेव्हा शेडमधे सुखोई होती. त्यांच्या सेक्शनला एक काका होते राजमहेंद्रीचे. ते दर पावसाळ्यात रामकुंडाला पूर आला की बाबांना म्हणायचे, सोडा सोडा, शेवटी आमच्याकडेच येतंय. मी लहान होते, मला ते फार खरं वाटायचं, की आपण इथे गंगेवर पाय बुडवतो ते पाणी त्या काकांच्या घरी जातं. (नाशिकच्या बाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, "गंगेवर जाऊन येते" म्हणजे गोदाकाठी.)

बाबांनी आयुष्यभर विमानं जोडली पण छोट्या विमानात कधी बसले नाहीत. मला लायसन्स मिळून आता चार वर्षं झालीत, सातपूरची नोकरी सांभाळून महिन्याला दोन-तीन तास उडते, आत्तापर्यंत सगळं जवळजवळचंच. म्हटलं एकदा नदी पूर्ण बघूया, वरून, दोघांनी.

पहिला प्लॅन अगदी साधा होता, नदी सोडायची नाही. नांदूर मध्यमेश्वर, कोपरगाव, प्रवरासंगम, पैठण, गंगाखेड, नांदेड, बासर, मग पोचमपाडचं मोठं धरण, पुढे सिरोंचाला प्राणहिता येऊन मिळते ते, मग भद्राचलम, पापीकोंडलूच्या डोंगरातली घळ आणि ती संपली की एकदम रुंद झालेली नदी नि राजमहेंद्री. पलीकडे धवळेश्वरमचा बंधारा, आर्थर कॉटनने १८५२ मधे पूर्ण केलेला, आणि तिथून नदीला फाटे फुटतात. आईच्या डब्यातला काळा दोरा घेतला आणि नकाशावर नदीच्या वळणांवरून लावत गेले, टाचण्या टोचत टोचत, एक अख्खी संध्याकाळ. दोरा सरळ करून रेघेशेजारी ठेवला तर जवळजवळ दीडपट झाला. नदीची पूर्ण लांबी १४६५ किलोमीटर आहे हे शाळेत पाठ केलेलं, पण वळणांचा अर्थ त्या दोऱ्याने कळला. पेट्रोल वळणांवर घालवायचं नाही हे त्याच संध्याकाळी ठरलं, रेघ सरळ मारायची आणि नदी जिन्याच्या कठड्यासारखी बाजूला ठेवायची, हात सुटला तर धरायला.

आता हिशोब. आकाशात सगळं नॉटिकल माईलमधे चालतं, एक नॉटिकल माईल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ओझर ते नांदेड २००, नांदेड ते राजमहेंद्री सरळ २८५, एकूण ४८५. आमचं १७२ मी ११० नॉट, म्हणजे तासाला ११० नॉटिकल माईल धरते, पुस्तकात जास्त आहे पण क्लबचं विमान पुस्तकातल्यासारखं नवं नसतं. टाकीत वापरता येईल असं पेट्रोल २०० लिटर, तासाला खप मी ३६ लिटर धरते, हाही जरा चढाच. म्हणजे ५ तास ३३ मिनिटं इंजिन चालेल. ४८५ ला ११० ने भागा, ४ तास २५ मिनिटं. वा, एका टाकीत राजमहेंद्री! मी त्या रात्री खरंच खूप खूश होऊन झोपले.

सकाळी बाबांनी विचारलं, वारा कुठला धरलास?

धरलाच नव्हता. हिवाळ्यात दख्खनवर वारा पूर्वेकडून नाहीतर ईशान्येकडून असतो आणि मला जायचंय पूर्वेलाच, म्हणजे नाकावर. पंधरा नॉटचा हेडविंड धरला की जमिनीवरचा वेग राहतो ९५, आणि ४८५ भागिले ९५ म्हणजे ५ तास ६ मिनिटं. टाकी ५ तास ३३ ची. उरतात २७ मिनिटं. दिवसाच्या व्हीएफआर (म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत उडायच्या) फ्लाइटला किमान ३० मिनिटांचं रिझर्व्ह राखायचं हा नियम आहे, आणि त्या २७ मधे टॅक्सीचं (जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाण्याचं), चढाईचं, राजमहेंद्रीला जरा थांबा सांगितलं तर घिरट्यांचं काहीच धरलेलं नाही. फक्त पंधरा नॉटच्या वाऱ्याने सगळा प्लॅन पडला. विमान तेच, टाकी तीच. तेव्हापासून मी वहीत पेट्रोल लिटरमधे लिहायचंच बंद केलंय, मिनिटांत लिहिते, कारण लिटर बघून पोट भरल्यासारखं वाटतं आणि मिनिटं बघितली की लगेच कळतं आपण कुठे आहोत.

मग साधा उपाय, नांदेडला पेट्रोल भरू. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आमचं विमान पेट्रोलच्या जातीचं अ‍ॅव्हगॅस पितं, हंड्रेड लो लेड, आणि विमानतळावर एअरलाइन्ससाठी जे असतं ते एटीएफ, रॉकेलच्या जातीचं. एटीएफ मोठ्या विमानतळांवर मिळतं, अ‍ॅव्हगॅस मात्र आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी, शक्यतो जिथे ट्रेनिंगची विमानं उडतात तिथे. बाकी कुठे हवं असेल तर बॅरल आधी पोचवायची व्यवस्था स्वतः करायची. म्हणून मी नियमच केला, की ज्या ठिकाणी अ‍ॅव्हगॅस आहे असं माणसाने तारीख सांगून कबूल केलेलं नाही तिथे ते नाहीच असं समजून प्लॅन करायचा. जेआरडी टाटा १९३२ मधे १५ ऑक्टोबरला कराचीहून पस मॉथमधे टपाल घेऊन निघाले तेव्हा अहमदाबादला त्यांच्यासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. ते वाचलं होतं तेव्हा मला बैलगाडीचीच गंमत वाटलेली, आता वाटतं की ते डबे त्या दिवशी त्या वेळेला तिथे हजर होते यामागे कुणीतरी किती आधीपासून पत्रं लिहिली असतील.

पेट्रोलचा प्रश्न सुटला असता तरी दुसरा होताच. नांदेड ते राजमहेंद्री सरळ रेघेच्या उत्तरार्धात जंगल नि डोंगर. एकच इंजिन. १७२ चं इंजिन बंद पडलं तर हजार फुटाला साधारण दीड नॉटिकल माईल ते तरंगत जातं, म्हणजे जमिनीपासून साडेतीन हजार फुटावर असाल तर पाचेक नॉटिकल माईल, नऊ-दहा किलोमीटर. मराठवाड्यावर त्या नऊ किलोमीटरच्या वर्तुळात शेतंच शेतं, कुठेही उतरता येईल असं काहीतरी मिळेलच, हरभऱ्याचं नाहीतर ज्वारीचं. पापीकोंडलूवर त्या वर्तुळात झाडं आणि पाणी. मी कंपासने ती वर्तुळं नकाशावर काढत गेले, एकाला एक चिकटून, उतरायला जागा असेल ते रंगवत, आणि भद्राचलमच्या आसपास आल्यावर सलग कितीतरी वर्तुळं अशी निघाली की ज्यात मला एकही रंगवता येईना. एकटी असते तर कदाचित वेगळा विचार केला असता. शेजारी बाबा असणार आहेत.

तेव्हा नदी सोडली. नांदेडपासून राजमहेंद्रीपर्यंत सोडली. सिरोंचाचा संगम सोडला, ज्यासाठी खरं तर मी हे सगळं काढलं होतं. दोन दिवस मी नकाशाजवळ फिरकले नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांनी नांदेडवरून हैदराबादला पट्टी ठेवली होती. बेगमपेठ. जुना विमानतळ, २००८ ला शमशाबाद सुरू झाल्यावर एअरलाइन्स तिकडे गेल्या पण इथे छोटी विमानं उतरतात आणि ट्रेनिंगही चालतं, म्हणजे पेट्रोलचं आधी बोलून ठेवता येतं. नांदेड ते बेगमपेठ १२३ आणि बेगमपेठ ते राजमहेंद्री १९३. एकूण ५१६. सरळ रेघेपेक्षा फक्त ३१ नॉटिकल माईल जास्त! मला वाटलं होतं केवढा तरी वळसा पडेल.

आणि मग आकडे असे बसत गेले की मी ते तीनदा करून बघितले. पहिला दिवस, ओझर ते नांदेड ९५ ने २ तास ६ मिनिटं, नांदेड ते हैदराबाद दिशा दक्षिणेकडे वळते त्यामुळे वारा कुशीवर येतो, तिथे १०५ धरला, १ तास १० मिनिटं. एकूण ३ तास १६. टाकी ५ तास ३३ ची, म्हणजे नांदेडला थेंबभर पेट्रोल मिळालं नाही तरी हैदराबादला उतरताना सव्वादोन तास शिल्लक. दुसऱ्या दिवशी हैदराबादहून टाकी फुल्ल, राजमहेंद्री २ तास २ मिनिटं, आणि परत येताना तोच वारा पाठीवर, १२५ ने १ तास ३३ मिनिटं. जाऊन येऊन ३ तास ३५. म्हणजे राजमहेंद्रीलाही पेट्रोल लागत नाही! ऐनवेळी राजमहेंद्रीला धुक्यामुळे उतरता आलं नाही तर विजयवाडा ६८ नॉटिकल माईलवर आहे, पाऊण तास, किंवा सरळ पाठीवर वारा घेऊन हैदराबादला परत. एकाच जागी पेट्रोल, आणि प्रत्येक ठिकाणी दोन तरी वाटा उघड्या. शाळेतलं गणित सुटल्यावर कसं वाटायचं तसं वाटलं, बाबांनी काही न बोलता वहीवर टिक केली.

नदी पूर्ण नाही मिळणार पण दोन्ही टोकं मिळतील, आणि नांदेडपर्यंतचा भाग मिळेल.

आता पहिला लेग, म्हणजे टप्पा, जरा नीट सांगते कारण तो आपल्या घरच्या अंगणातला आहे आणि त्यातच सगळ्यात जास्त खाचाखोचा निघाल्या. ओझरहून नांदेडची दिशा १०६ अंश. इकडे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्याही आत आहे, तेवढी एक डोकेदुखी नाही. शून्य ते १७९ अंशात उडताना विषम हजार अधिक पाचशे, म्हणजे ५५०० किंवा ७५०० फूट, परत येताना सम, ४५०० किंवा ६५००. जाताना ५५०० ठरवलंय, वर गेलं की वारा आणखी वाढतो. दक्षिणेला देवळालीची तोफखान्याची फायरिंग रेंज, नाशिकच्याच गांधीनगरला आर्मीची हेलिकॉप्टर्स, खाली नगरकडे रणगाड्यांच्या रेंजेस, आणि ओझरला स्वतः सुखोईचं टेस्टिंग. नाशिकच्या माणसाला हे आवाज लहानपणापासून सवयीचे असतात, नकाशावर त्यांच्या हद्दी काढल्यावर कळतं की आपल्या डोक्यावर केवढी गर्दी आहे. रोज सकाळी नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) बघणं म्हणूनच आलं.

टेकऑफनंतर तेरा-चौदा नॉटिकल माईलवर नांदूर मध्यमेश्वर, रेघेपासून जेमतेम तीन माईल उजवीकडे. महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, आणि डिसेंबर म्हणजे बाहेरून आलेली बदकं, करकोचे सगळे हजर. मला ते अभयारण्य अतिशय प्रिय आहे, शाळेपासून जातेय, आणि नेमकं म्हणूनच तिथे खाली राहायचं नाही. त्यांच्यासाठीही आणि आमच्यासाठीही. ५५०० फूट त्याच्या आधीच गाठायचे, चढाई मिनिटाला ६०० फूट धरली तर सहा-सात मिनिटांत होतं, जमतंय.

पण त्याहून मोठी काळजी निफाडची. डिसेंबरात तिथला पारा कुठे जातो ते आपण पेपरात वाचतोच. द्राक्षाचे घड वाचवायला शेतकरी पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात, वारा पडलेला, वर ऊबदार हवेचं झाकण, आणि तो धूर त्या झाकणाखाली दुलईसारखा पसरून राहतो. खालून बघितलं तर आभाळ निळं दिसतं, वरून तिरकं बघितलं तर पुढचं गाव दिसत नाही. व्हीएफआरला पाच किलोमीटर व्हिजिबिलिटी हवी. म्हणून सूर्योदय सातच्या सुमाराला असला तरी टेकऑफ साडेसात, आणि निघायच्या आदल्या चार दिवशी मी पहाटे गाडी घेऊन निफाडपर्यंत जाऊन डोळ्यांनी बघून येणार आहे की धूर किती वाजता उठतो. विंडी या हवामानाच्या साइटवर वारा दिसतो, मेटारमधे, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालात ओझरचं दिसतं, बागांतला धूर कुठेच दिसत नाही.

पुढे उजवीकडे लांब शिर्डी, मग डावीकडे संभाजीनगर आणि उजवीकडे जायकवाडीचं पाणी. हा पहिला पक्का चेकपॉइंट, खाली बघून आपण कुठे आहोत ते ताडायची खूण. त्यानंतर बराच वेळ खाली सारखंच दिसतं, आणि मग परभणी, अगदी रेघेखाली, तिथून रेल्वेचे रूळ पूर्णेवरून नांदेडला नेऊन सोडतात. लोणारचा मोह झाला होता, एवढं गोल तळं वरून कसं दिसेल, पण ते रेघेपासून ३५ माईल उत्तरेला आहे. नाही.

चेकपॉइंट या शब्दावर थांबते जरा. शिकत असताना, तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी शिकत होते, सोलो क्रॉसकंट्रीला, म्हणजे एकटीने लांबच्या फेरीला निघाले आणि हातात वाऱ्याचा जो प्रिंटआउट दिला गेला तो आदल्या दिवशीचा होता. मी तारीख बघितली नाही. वाऱ्यासाठी हेडिंग, म्हणजे विमानाचं नाक, डावीकडे धरलं, खरा वारा त्या दिवशी उलटा होता, म्हणजे मी चूक दुप्पट केली. वेळेवर खाली धरण आलं आणि मला वाटलं हेच ते. पाण्याचा आकार वेगळा होता, भिंत भलत्या बाजूला होती, मला ते दिसत होतं आणि तरी मी स्वतःला पटवत होते की पाणी कमी झालं असेल, म्हणून आकार बदलला असेल. अकरा मिनिटं मी त्या चुकीच्या धरणावर फिरत होते. तोंड कोरडं पडलेलं, नकाशा गुडघ्यावर आणि तो वळवून वळवून बघतेय. शेवटी रेल्वेलाइन दिसली, तिच्यावर जाऊन एक मोठं जंक्शन सापडलं आणि मग रस्ता. उतरल्यावर टाकीत दांडी घातली तर ठरलेल्यापेक्षा बरंच कमी होतं. त्यानंतर मी प्रत्येक कागदावर आधी तारीख शोधते, आणि साठात एकचा नियम डोक्यात कोरून ठेवलाय, साठ माईल गेल्यावर एक माईल बाजूला असाल तर एक अंश चुकताय, चार माईल बाजूला तर चार अंश. आणि चेकपॉइंटला तीन खुणा लिहिते. नुसतं 'धरण' लिहीत नाही. भिंत कुठल्या बाजूला, गाव कुठल्या बाजूला, रस्ता कसा जातो. तिन्ही जुळल्या तरच ते.

दांडीचं सांगायला हवं. पंखावर चढून टाकीचं झाकण उघडायचं, आत डिपस्टिक उभी सोडायची, बाहेर काढून ओला भाग कुठपर्यंत आलाय ते वाचायचं. मीटर काहीही सांगू दे, मी या दांडीवरच विश्वास ठेवते. मग खालून नळीतून थोडं पेट्रोल पारदर्शक कपात काढायचं आणि उजेडात धरायचं. हंड्रेड लो लेडचा रंग फिकट निळा असतो, चुकून एटीएफ पडलं असेल तर रंग नि वास दोन्ही बदलतात, पाणी असेल तर तळाशी थेंब थेंब वेगळं दिसतं. बाबांना मी हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्यांनी तो कप माझ्या हातातून घेतला आणि कितीतरी वेळ सूर्याकडे धरून बघत राहिले, मग म्हणाले, "आमच्याकडे हे दुसऱ्या सेक्शनचं काम होतं."

दुसऱ्या लेगमधे निझामसागर रेघेखालीच येतं, ते चांगलं, पण रेघ शेवटी बरोबर डुंडिगलवरून जाते आणि तिथे एअरफोर्स अकॅडमी, शेजारी हकीमपेठ. म्हणजे तिथे आपली रेघ चालणार नाही, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) सांगेल तसं वळून जायचं, त्यासाठी मी वीस मिनिटं जादा धरलीत. शिवाय मधे मुंबई एफआयआर (पोलिसांचा नव्हे, हवाई माहिती क्षेत्र) संपून चेन्नई एफआयआर सुरू होतो. फ्लाइट प्लॅन किमान तासभर आधी द्यायचा, मग फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा एफआयसी नंबर आणि एअर डिफेन्सच्या परवानगीचा एडीसी नंबर घ्यायचा, आणि ते दोन्ही नंबर हातात आल्याशिवाय इंजिनला हात लावायचा नाही. सगळं यूटीसीमधे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, साडेसात म्हणजे ०२००.

वेळेवरून एक गंमत सापडली जी मला आजवर कळलीच नव्हती. आपल्याकडे देशभर एकच घड्याळ, पण राजमहेंद्री नाशिकच्या आठ अंश पूर्वेला आहे, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तिथे अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरात नाशिकला सहाच्या सुमाराला मावळतो, तिथे साडेपाचच्या आत-बाहेर. नाशिकच्या सवयीने "साडेपाचला उजेड असतो की" असं धरून निघालेला माणूस फसणार. म्हणून प्रत्येक विमानतळापुढे मी तिथला सूर्यास्त वेगळा लिहिलाय आणि दिवसातलं शेवटचं लँडिंग त्याच्या दोन तास आधी ठेवलंय.

डिसेंबरच का, असं बहिणीने विचारलं, मेमधे मुलांना सुट्टी असते तेव्हा जा ना. तर मेमधे नाही. ओझर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास. त्या उंचीला हिशोबाने तापमान ११ अंश हवं, ३८ असेल तर २७ अंश जास्त, अंशाला १२० फूट, म्हणजे विमानाला वाटतं आपण ५२०० फुटांवरच्या गावातून उडतोय. धावपट्टी लांब आहे म्हणून चालतं, पण चढाई सुस्त, आणि दुपारी गरम हवेचे धक्के, बाबांच्या कंबरेला ते नको. पावसाळ्याचा प्रश्नच नाही. आणि २०२७ ला सिंहस्थ आहे, तिकडे राजमहेंद्रीलाही तेव्हाच पुष्करम, त्यांचा गोदास्नानाचा मेळा, गुरू सिंहेत आला की दोन्ही एकदम, २०१५ ला झालं तसं. त्या गर्दीत आमच्या छोट्या विमानाने जाऊ नये. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात काही शिजत नाहीये ना एवढं मात्र बघत राहायचं.

वजनाचं पटकन सांगते. रिकामं विमान ७७० किलो, पेट्रोल १४४, मी ५८, बाबा ७८, सगळे मिळून १०५०, मर्यादा ११५७. उरलेल्यात बॅगा, विमानाचं कव्हर, बांधायचे दोर, पाणी, औषधं, आईची थालीपीठं. आईला त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्ताचं पाणी पाठवायचंय राजमहेंद्रीला, नदीत सोडायला. पाच लिटरचा कॅन काढला होता तिने. मी एक लिटर दिलं, आणि तिच्यासमोर वजनाच्या तक्त्यात लिहिलं, मागचा कप्पा, एक किलो. तिने तो तक्ता वाचला आणि कॅन परत माळ्यावर ठेवला.

सध्या अडलंय ते एका छोट्या कार्डापाशी. पोस्टकार्डाच्या आकाराचं, विमानात गुडघ्यावर राहणारं. त्यावर फक्त परत फिरायच्या वेळा लिहायच्यात. संभाजीनगर डावीकडे बरोबरीला यायला हवं ८:२४ ला. ८:३२ पर्यंत आलं नाही तर वारा मी धरला त्यापेक्षा जास्त आहे, मग पुढे जायचं नाही, तिथल्या चिकलठाणा विमानतळावर उतरायचं आणि हिशोब नव्याने मांडायचा. परभणी ९:१६. नांदेडहून ११:३० च्या आत निघता आलं नाही तर त्या दिवशी नांदेडलाच मुक्काम. हे सगळं इथे टेबलाशी बसून ठरवायचं कारण वर असताना, पुढे शंभर माईलवर हैदराबाद असताना, बाबा शेजारी इतके आनंदात असताना मला परत फिरणं सुचणार नाही, मला माझा स्वभाव माहीत आहे, त्या धरणावरची अकरा मिनिटं मी विसरलेली नाही.

बाबा म्हणतात ८:३२ फार सैल आहे, ८:३० कर. त्यांचं म्हणणं, गोल आकडा घाईत नीट वाचता येतो. मला वाटतं बरोबर आहे. कार्ड ते स्वतः लिहिणार आहेत, त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, ड्रॉइंगवरच्या अक्षरासारखं सरळ उभं. शनिवारी बॅगा वजन करायच्यात, आणि सोमवारी नांदेडला फोन करून वॉच अवर्स विचारायचे, किती वाजता उघडतात नि किती वाजता बंद करतात. ते कळलं की ११:३० पक्कं.